पडद्यावरची सुईण

"मावशी, सांगू नगा. करून दावा."

हे तो मला दिवसातून चारदा म्हणायचा. म्हणताना बोटं कॉम्प्युटरच्या बटणांवर अधांतरी धरायचा आणि मी काही करेपर्यंत खाली आणायचा नाही.

तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल, दिवसभर खुर्चीत बसून पडद्याकडं बघणारा. आमचा विट्यातला, माझ्या दारासमोरचा. वीस वर्षं केरळात गलाईच्या दुकानात त्यानं सोनं गाळलं. तेजाबाच्या धुरानं छाती गेली आणि पंचेचाळिशीत घरी आला. बायको शाळेत खिचडी शिजवायला जायची. ती मला म्हणाली, "मावशी, दुपारचं जरा बसा की यांच्याजवळ. दम लागला की हाक मारायलाबी आवाज ऱ्हात न्हाई." म्हणून मी जायला लागले. मला दुसरं काम नव्हतं. चौथी शिकलेली बाई मी, चाळीस वर्षं सुईणीचं काम केलं. आता सगळ्या दवाखान्यात जातात. ते बरंच आहे.

तो खेळ खेळायचा. मला वाटलं पत्ते असतील. पण चित्र नाही, रंग नाही. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, तीही इंग्रजी. तो वाचून मला मराठीत सांगायचा. त्या अक्षरांत एक गाव होतं. राजा, जंगल, चेटकिणी. कुठल्या कुठल्या देशांतली माणसं आपापल्या घरी बसून त्या गावात राहायची. कुणी लोहार, कुणी शिपाई. आणि हा मिशीवाला गडी तिथं म्हातारी सुईण होता.

"दुसरं काय मिळालं न्हाई व्हय रं तुला?" मी विचारलं.

"समोर तुमीच दिसत व्हता."

त्या खेळात विद्येच्या दहा पायऱ्या होत्या. 'बाळंतपण केलं' एवढं लिहून पायरी मिळत नसे. पाणी किती तापवलं, हात कुठं ठेवला, बाई ओरडली तेव्हा म्हातारी काय बोलली, सगळं लिहायचं. समोरच्या माणसानं त्याच्या घरून उत्तर द्यायचं. खेळावर देखरेख करणारे कुणाला दिसत नसत, पण वाचत असत. खोटं वाटलं की पायरी नाही.

त्याची म्हातारी नवव्या पायरीवर होती. दहावीला पोचली की तिला शिष्या करता येणार होती.

"मंग मी नसलो तरी तिची विद्या गावात ऱ्हाती," तो म्हणाला. एवढ्या बोलण्याला त्यानं तीनदा दम खाल्ला. डॉक्टरांनी काय सांगितलं होतं ते त्याला माहीत होतं आणि मलाही.

म्हणून मी करून दाखवायचे. खाटेवर उशी ठेवायची आणि उशीची सुटका करायची. एकदा खिडकीतून शेजारीण म्हणाली, "काय झालं वं मावशी, मुलगा का मुलगी?" मी म्हणाले, "कापूस." तो हसला, आणि हसणं खोकल्यात गेलं.

पुढं मला ते नीट वाटेना. एक दिवस त्यानं वाचून दाखवलं, की म्हातारी उंबऱ्यावर आली आणि आत येण्याआधी तिनं डावा पाय घासला. हे मी त्याला सांगितलं नव्हतं. मी तसं करते हे मलाच माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याच्या उंबऱ्यावर ध्यान ठेवून आले. ध्यानात येईपर्यंत पाय घासून झाला होता. त्यानंतर घरी भाकरी थापताना मनात यायचं, ती तिकडं आत्ता काय करत असेल.

दहाव्या पायरीसाठी म्हातारीच्या हातून एक पोर जायला हवं होतं. तो म्हणाला, "मावशी, तुमच्या हातनं एखादं गेलं असंल की."

"न्हाई."

बोटं अधांतरीच होती.

"न्हाई म्हटलं ना."

मी खोटं बोलले. तीस वर्षांमागं विट्याबाहेरच्या एका वस्तीवर पायाळू पोर आलं होतं. एकदा रडलं, मांजराच्या पिल्लाएवढं, माझ्याशिवाय कुणाला ऐकू गेलं नाही. जगणार नव्हतं. मी खाटेकडं पाठ केली आणि ते थांबेपर्यंत मांडीवर घेऊन बसले. मग आईला म्हणाले, मेलेलंच आलं, बाय. तिनं बघायला मागू नये म्हणून. फडक्यात गुंडाळून बाहेर पुरुषांच्या हाती दिलं. तिनं काही विचारलं नाही, ना तेव्हा, ना पुढं बाजारात भेटायची तेव्हा. ती वारूनही बरीच वर्षं झाली. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दुपारी गेले तर त्यानं लिहून ठेवलं होतं. वाचून दाखवलं. म्हातारीनं खाटेकडं पाठ केली. पोर मांडीवर घेऊन ते थांबेपर्यंत बसली. मग मान न वळवता म्हणाली, मेलेलंच आलं.

मी म्हणाले, "कुणी सांगितलं तुला?"

"तुमीच. दर बाळंतपणाला उशी हातात आली की तुमी माझ्याकडं पाठ करता. जरा येळ बसता. मला वाटायचं, काय करत असतील." तो थांबला, श्वास गोळा केला. "काल लिव्हायला बसलो आन ती आपसूक वळली, मावशी. मी न्हाई वळवली."

"पूस ते."

"पुसता येत न्हाई. त्या बाईनं वाचलं."

ती बाई म्हणजे खेळातली आई. ती कोण, कुठल्या देशातली, त्याला ठाऊक नव्हतं. तिनं काही उत्तर दिलं नव्हतं. पडद्यावर एकच ओळ होती: बाई खाटेवर आहे. दुसऱ्या दिवशी तीच ओळ. तिसऱ्या दिवशीही तीच. खेळ सोडून गेली असती तर नाव निघून गेलं असतं, तो म्हणाला. ती तिथंच होती.

चौथ्या दिवशी सकाळी तो गेला. बायको चहा घेऊन आली तेव्हा संपलं होतं.

तेरावं झाल्यावर तिनं मला दुपारी बोलावलं. कॉम्प्युटर चालू केला होता. बारावी शिकलेली ती, ओळीखाली बोट धरून हळूहळू वाचत होती.

"दहावी पायरी दिली, असं लिव्हलंय. म्हातारीला." ती बोट तिथंच धरून बसली. "आता काय करायचं तिचं?"

मग बोट खाली सरकलं. "ही बाई कोण? इचारती, मुलगी होती का मुलगा."

तीस वर्षं मी या प्रश्नाची वाट बघत होते. विचारणारी मेली तेव्हा सुटले असं वाटलं होतं. भुतंखेतं मी मानत नाही. तरी त्या पडद्याकडं माझ्यानं बघवेना.

"काय लिहू, मावशी? यांनी काय ठरवलं व्हतं?"

त्यानं काहीच ठरवलं नव्हतं. मलाच माहीत होतं.

"मुलगी," मी म्हणाले. "लिही. मुलगी होती. एकदा रडली. मी खोटं बोलले."

तिनं माझ्याकडं बघितलं. एकेक अक्षर शोधून लिहिलं. बऱ्याच वेळानं खाली नवी ओळ आली. ती बोट धरून वाचायला लागली.

"बाई खाटेवरनं उठली. म्हातारीच्या मांडीवरनं तिनं पोर उचलून घेतलं."

मी मांडीवरचे हात बाजूला केले.