प्रार्थनेसाठी सांगितलेली गोष्ट

रविवारी सकाळी साडेनऊला, मुख्य उपासनेच्या आधी, आमच्या चर्चच्या मागच्या खोलीत मोठ्यांची संडे स्कूल भरते. माझी आई तिला शब्बाथशाळा म्हणायची. आता इंदूरमध्ये हा शब्द कळणारे चार-पाच जण उरले असतील. वर्गात पंधरा-सोळा माणसं, बहुतेक हिंदी बोलणारी. मराठी आम्ही दोघीच, मी आणि माझी मैत्रीण. धडा हिंदीत, बायबल हिंदीत. पण चहाच्या वेळी आम्ही दोघी खिडकीपाशी उभ्या राहून मराठीत बोलायचो, आणि तेही दर दोन वाक्यांनी हिंदीत घसरायचं.

वर्ग घेणारे अंकलजी परदेशीपुऱ्यातल्या एका बंद पडलेल्या कापड गिरणीत टाइमकीपर होते. वय अठ्ठ्याहत्तर, पण नऊ वाजून तीस मिनिटांनी दार लावून घेत. पहिली वीस मिनिटं समाचाराची. हे काम माझ्या मैत्रिणीकडे. ती वही उघडून वाचायची: कोणाकडे नातू झाला, कोणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, कोणाच्या मुलीची भोपाळला बदली झाली, कोणाकडे या आठवड्यात डबा पोचवायचा आहे. मग ज्याला जे सांगायचं असेल ते तो सांगायचा आणि सगळे प्रार्थना करायचे. सुरुवात करताना अंकलजी दर वेळी म्हणत, "यहाँ की बात यहीं रहेगी." अकरा वर्षं मी हे वाक्य ऐकत होते. त्यावर माझा विश्वास होता, आणि तसा तो ठेवायला कारणही होतं. आई गेली तेव्हा याच वर्गाने आमच्या घरी आठ दिवस चूल पेटू दिली नाही. माझी मैत्रीण तर रोज सकाळी स्वतः यायची, चहा करायची, आणि काही न बोलता भांडी घासून जायची. हे मी मुद्दाम आधी सांगते आहे. ती वाईट बाई नाही.

माझे यजमान भंवरकुआंच्या एका कोचिंगमध्ये फिजिक्स शिकवायचे. बावीस वर्षं एकाच ठिकाणी. वर्गाला ते कधी आले नाहीत. साडेदहाच्या उपासनेला थेट यायचे आणि मागून तिसऱ्या बाकावर माझी जागा धरून बसायचे. त्या वर्षी डिसेंबरात एका संध्याकाळी बूट काढता काढता ते म्हणाले, "आज मी एकाच बॅचला एकच गणित दोनदा सोडवून दाखवलं. दुसऱ्यांदा संपत आलं, तेव्हा पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, सर, ये तो हो गया."

मी हसले. "होतं असं."

"नाही," ते म्हणाले. "होत नाही असं."

जानेवारीत एकदा भर दुपारी त्यांचा फोन आला. "मी चौराह्यावर उभा आहे. स्कूटर चालू आहे. घरी कोणत्या बाजूने यायचं, ते जरा सांग." मीठ दे म्हणावं इतक्या सहज ते बोलले. मी रस्ता सांगितला. घरी पोचेपर्यंत फोन चालू ठेवायला लावला आणि फाटकाचा आवाज आला तेव्हाच खाली ठेवला.

डॉक्टर म्हणाले, सुरुवात आहे. गोळ्या दिल्या. पुढे किती वेगाने वाढेल ते सांगता येत नाही म्हणाले. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना यजमान मध्येच थांबले. "कुणालाही सांगायचं नाही. पुण्याला मुलाला मी सांगेन. एप्रिलमध्ये बॅच संपते. ती संपली की डायरेक्टरसाहेबांना मी स्वतः जाऊन सांगणार आणि मोकळा होणार. पण सांगणार मी. कळलं?"

मी हो म्हटलं.

तेव्हापासून ते रोज पहाटे उठून त्या दिवशीचा तास एका मोठ्या रजिस्टरमध्ये शब्दन् शब्द लिहून काढायचे. एकेक गणित शिकवून झालं की वर्गातच त्यापुढे खूण करायची. 'तुम्हालाही माझी पद्धत कळेल' असं सांगून त्यांनी एका तरुण सरांना मागच्या बाकावर बसायला बोलावलं होतं. खरं कारण हे की आपण चुकलो तर कोणीतरी सावरायला हवं, मुलांचं नुकसान व्हायला नको. त्या तरुण सरांनी काही ओळखलं असेल तर बोलून दाखवलं नाही. असे सहा आठवडे ते रोज शिकवत होते आणि नीट शिकवत होते. मी रोज दुपारी फोन उशाशी घेऊन पडायचे.

फेब्रुवारीतला एक रविवार. वर्गात एक गृहस्थ आपल्या बायकोच्या आजाराबद्दल बोलता बोलता रडायला लागले. पाच-सहा जण उठले, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून प्रार्थना करायला लागले. ते हात बघून माझ्या आत काहीतरी सुटलं. प्रार्थना संपली आणि अंकलजींनी विचारलं, "और कोई?" तर मी बोलून गेले.

"मेरे पति भूलने लगे हैं," मी म्हटलं. "कभी-कभी रास्ता भी. वो पढ़ाते हैं. वहाँ अभी किसी को मालूम नहीं है. उन्होंने मना किया है."

अंकलजी हलक्या आवाजात म्हणाले, "बहनजी, यहाँ की बात यहीं रहेगी." मग माझ्याभोवती सगळे उभे राहिले. माझी मैत्रीण शेजारी गुडघ्यांवर बसली होती, माझा हात तिने सोडलाच नाही. कानाशी म्हणाली, "वहिनी, एकटीने इतके दिवस कसं झेललं हो?" मी खूप रडले. आणि खरं सांगायचं तर मला फार बरं वाटलं.

उपासनेला गेले तेव्हा यजमान आपल्या बाकावर होते. माझ्यासाठी गीतांचं पुस्तक उघडून ठेवलं होतं. माझ्या डोळ्यांकडे बघून त्यांनी विचारलं, "सर्दी झाली का?"

मी म्हटलं, "हो."

गुरुवारी ते सकाळी अकरालाच घरी परत आले. खुर्चीत बसले, खिशातून दोन मार्कर काढून टेबलावर ठेवले. डायरेक्टरसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं होतं. हे डायरेक्टर एके काळचे त्यांचेच विद्यार्थी. ते उभे राहिले, पाणी मागवलं, आणि मोबाइल त्यांच्या पुढे ठेवून म्हणाले, "सर, ये सच है क्या? एक पैरेंट ने भेजा है." तो मजकूर यजमानांनी स्वतःच्या फोनवर मागून घेतला होता. त्यांनी तो मला वाचायला दिला.

'भारी मन से निवेदन है कि हमारी संडे क्लास की एक बहन के पति, जो भंवरकुआं की कोचिंग में फिजिक्स पढ़ाते हैं, उनकी याददाश्त जा रही है. घर का रास्ता तक भूल जाते हैं. कोचिंग में अभी किसी को मालूम नहीं है. परिवार के लिए दुआ करें.'

'भारी मन से' वाचलं आणि मला कळलं. अकरा वर्षं वर्गात प्रत्येक दुःखाची बातमी माझ्या मैत्रिणीने याच शब्दांनी सुरू केली होती.

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"खरं आहे म्हटलं. खोटं कसं बोलणार? ते म्हणाले, सर, आप आराम कीजिए. उद्यापासून तास तरुण सर घेतील." त्यांनी मार्करची टोपणं घट्ट लावली. मग म्हणाले, "रविवारी सर्दी झाली नव्हती तर."

मी फोन टेबलावर ठेवला.

"तू सांगितलंस, ते मी समजू शकतो," ते म्हणाले. "तुलाही कोणीतरी हवं असेल. पण रविवार ते गुरुवार, चार दिवस तुला माहीत होतं की घराबाहेर कळलंय. आणि मी रोज तिथे जाऊन उभा राहत होतो. तू मला एका शब्दाने सांगितलं असतंस तर सोमवारी मीच केबिनमध्ये गेलो असतो."

दुसऱ्या दिवशी मी मैत्रिणीच्या घरी गेले. तिने दार उघडलं आणि माझा चेहरा बघून तिचा हात कडीवरच राहिला. मी यजमानांचा फोन तिच्या समोर धरला.

"हे तू लिहिलंस?"

तिने वाचलं. "वहिनी, मी फक्त बहिणींच्या प्रार्थना ग्रुपवर टाकलं हो. नाव कुठे लिहिलंय मी? तेरा जणी आहोत. पुढे कोणी फॉरवर्ड केलं, मला खरंच माहीत नाही. देवाशपथ."

"कोचिंगमध्ये माहीत नाही, हे पण लिहिलंस?"

"ते... लोकांनी जास्त कळकळीने दुआ करावी म्हणून."

"ती गोष्ट त्या खोलीतली होती."

"पण प्रार्थनेसाठीच सांगितलीत ना तुम्ही? जास्त जणांनी प्रार्थना केली तर वाईट काय? मी काही चुगली नाही केली, वहिनी. मला रात्रभर झोप नव्हती भैयाजींच्या काळजीने." तिचे डोळे भरून आले. मग ती जे बोलली ते तिने रागाने म्हटलं नाही, अगदी साधेपणाने विचारलं. "आणि एक विचारू? भैयाजींनी मना केलं होतं, असं तुम्हीच म्हणालात. मग तुम्ही आम्हाला कसं सांगितलंत?"

मी तशीच पायऱ्या उतरले. रिक्षात बसल्यावर मला उत्तरं सुचत गेली. मी बायको आहे. मी थकले होते. मी विश्वासाने सांगितलं, तिने विश्वास मोडला. सगळी बरोबर होती.

पुढच्या रविवारी मी वर्गाला गेले. समाचार सुरू होण्याआधीच हात वर करून उभी राहिले आणि काय झालं ते सांगितलं. कोणाचं नाव घेतलं नाही. एवढंच म्हटलं, "मुझे सिर्फ ये जानना है कि जो हुआ, वो गलत हुआ, ये इस क्लास को लगता है या नहीं."

कोणी वर बघेना. त्या बहिणींच्या ग्रुपवरच्या पाच-सहा जणी तिथेच बसल्या होत्या. त्या गृहस्थांनी, ज्यांच्या बायकोसाठी मीही प्रार्थना केली होती, बायबलची पानं चाळायला सुरुवात केली. तेवढ्यात माझी मैत्रीण हुंदका देऊन रडायला लागली. "मेरी नीयत साफ थी," ती म्हणाली, "प्रभु जानता है." दोन बायका उठून तिच्याजवळ गेल्या. मग आणखी दोघी. बघता बघता तिच्याभोवती घोळका झाला आणि मागच्या रविवारी माझ्या खांद्यावर होते तेच हात आता तिच्या खांद्यावर होते.

अंकलजी माझ्याकडे वळले. "बहनजी, हम क्षमा करने वाले लोग हैं. इस बात को यहीं खत्म करते हैं."

"अंकलजी, माफी तो किसी ने माँगी ही नहीं," मी म्हटलं.

त्यांनी डोळे मिटले आणि प्रार्थना सुरू केली. शांतीसाठी, एकतेसाठी. 'सैतान हमारी क्लास को तोड़ना चाहता है' असं त्यांच्या प्रार्थनेत आलं तेव्हा मी पर्स उचलली आणि बाहेर आले. आवारात झाडू मारणारी बाई थांबली, "क्या हुआ दीदी, आज जल्दी?" म्हणाली. काही नाही म्हटलं आणि चर्चमध्ये जाऊन एकटी बसले. फसवणूक झाली असं मला गुरुवारी वाटलं नव्हतं, शुक्रवारीही तितकं नाही. ते त्या बाकावर बसल्यावर वाटलं. एका बाईच्या हातून चूक होऊ शकते. पण सोळा माणसांनी मिळून ठरवलं होतं की सावरायचं तिला, आणि अडचण मी आहे.

त्यानंतर मी वर्गाला गेले नाही. अंकलजी एकदा घरी आले, यजमानांशी क्रिकेटबद्दल बोलले, चहा घेतला आणि गेले. मैत्रिणीने नाताळला केक पाठवला. मी तो शेजारी दिला.

यजमानांनी मात्र रजिस्टर लिहिणं थांबवलं नाही. एप्रिलपर्यंत रोज पहाटे बसून शेवटचा धडा संपवला आणि मला म्हणाले, "हे देऊन ये." मी भंवरकुआंला जाऊन काउंटरवर ते रजिस्टर ठेवून आले. आठ दिवसांनी तरुण सरांचा फोन आला. उजळणी त्यांनी त्यावरूनच घेतली होती. यजमान फोनवर बराच वेळ बोलले, आणि दोन ठिकाणी चिन्हं चुकली आहेत ती दुरुस्त करा म्हणाले. खरोखरच चुकली होती.

याला आता दोन वर्षं होतील. त्यांचं विसरणं वाढलं आहे, पण डॉक्टर म्हणतात, वेग कमी आहे. उपासनेला आम्ही दोघं बरोबर जातो. यंदा ईस्टरच्या प्रीतिभोजनाला मी पाणी आणायला गेले आणि परत येऊन बघते तर माझी मैत्रीण त्यांच्यासाठी ताट वाढून घेऊन आली होती. शेजारी बसून त्यांना पुरीचे तुकडे करून देत होती. ते तिला कुठलीशी जुनी गंमत सांगत होते आणि ती खळखळून हसत होती. मला बघून ती उठली. "या ना वहिनी, बसा," म्हणाली. मी पाण्याचा ग्लास टेबलावर ठेवला आणि उभीच राहिले. थोड्या वेळाने ती गेली.

घरी येताना रिक्षात त्यांनी विचारलं, "कोण होत्या त्या?"

"आमच्या संडे स्कूलच्या वर्गात होत्या."

"चांगल्या वाटल्या. तू त्यांच्याशी बोलली का नाहीस?"

मी त्यांच्याकडे बघितलं. सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगता आलं असतं. तिचं सांगितलं असतं तर माझंही सांगावं लागलं असतं. ती सर्दी, ते चार दिवस. ते त्यांच्या लक्षात आहे की तेही गेलं, हे मला माहीत नाही. मी कधी विचारलेलं नाही.

"बोलेन," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि बाहेरच्या दुकानांच्या पाट्या वाचायला लागले, एकेक, मोठ्याने.