वसंताची माघार

वसंता राणे गेल्याचं कळलं, तेव्हा मी त्याच्या माघारीला या वेळी फसायचं नाही म्हणून हट्टाने अडून बसलो होतो. सकाळी त्याचा मेहुणा मुलुंडला माझ्या दारात येऊन उभा राहिला, आणि त्याने तोंड उघडण्याआधीच मला कळलं. मागे टेबलावर पट मांडलेला होता... खिंडीच्या तोंडाशी माझे घोडे तीन आठवडे तसेच उभे होते.

आमचा खेळ लढाईचा. गिरणीचा संप फिसकटल्यावर वसंता बोरीवलीच्या खोलीत बसून असायचा, तेव्हा बोटीवर नोकरीला असलेल्या मावसभावाने त्याला मध्ययुगीन लढायांचा एक परदेशी खेळ आणून दिला. दोन डावांत वसंता वैतागला. "अरे, यात सांगितल्याबरोबर सैन्य वळतं. घोडा दमत नाय, काय नाय. ही काय लढाई?" मग त्याने प्लायवूडवर स्वतःचा पट आखला. कोटाची बटणं घोडदळ, शर्टाची बटणं पायदळ. घोडे तीन घरं दौडले की एक चाल उभे. दबा धरलेली तुकडी पटावर दाखवायचीच नाही. तिची जागा चिठ्ठीवर लिहून तपकिरीच्या डबीत बंद करायची. पळाल्याचं सोंग करून मला खिंडीत ओढायचं आणि मग सावकाश डबी उघडायची, यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. मी दर वेळी फसायचो, आणि चिडायचो.

मी मुलुंडला राहायला आल्यावर खेळ पोस्टकार्डांवर चालू राहिला. दोघांकडे सारखेच पट, एका कार्डाला एक चाल. दिवाळीनंतर त्याचं पायदळ मागे सरकू लागलं. अक्षर वाकडं होत गेलं, मजकूर आखूड. शेवटच्या कार्डावर होतं, 'सगळं सैन्य मागे घेतो. दम राहिला नाही. एकदा येऊन जा.'

बायको म्हणाली, "अहो, जाऊन तर या."

"त्याला तेच हवंय," मी म्हटलं, आणि उत्तरच पाठवलं नाही. वाट पाहायला लावली की वसंता उतावीळ होऊन चूक करतो, हे मला पक्कं ठाऊक होतं. रोज पोस्टमनची चाहूल लागली की मी दारात जाऊन उभा राहायचो. कार्ड येत नव्हतं, आणि मी मनात म्हणत होतो, आता घाबरला. तिकडे त्याची फुप्फुसं निकामी होत आली होती. त्याने ते कुणाला सांगितलं नव्हतं... पण मला लिहिलं होतं. याची लाज मला जन्मभर पुरेल.

तेराव्यानंतर बोरीवलीला गेलो. वहिनींनी पटाला कुणाला हात लावू दिला नव्हता. "रोज इचारीत, भावजींचा कार्ड इला काय," एवढंच त्या म्हणाल्या आणि डबी माझ्या हातात ठेवली.

चिठ्ठीवर दोनच शब्द होते. 'कोणी नाही.'

मी खाली बसलो आणि माझे घोडे खिंडीतून आत नेले. अडवायला कोणी नव्हतं. तीन घरं झाल्यावर नियमाप्रमाणे थांबलो. आता चाल त्याची होती.