डिस्चार्जिंग

अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात, तसा मी इंग्रजीनं झालो होतो. दुष्काळ सरल्यावरच्या साली झरीजवळच्या एका शाळेत मास्तर म्हणून लागलो. आमच्या बौद्धवाड्यातला पहिला मॅट्रिक. खिशाला पेन. गावात कुणाचीही तार आली की वाचायला मलाच बोलावणं.

मला शिकवलं ते थोरल्या बहिणीनं, लोकांच्या रानात कापूस वेचून. तसल्याच एका रानात पऱ्हाटीचा खुंट तिच्या तळपायात घुसला. हळद दाबून ती आठवडाभर कामाला जात राहिली. पाय सुजून काळानिळा पडला, तेव्हा मी तिला परभणीत एका खाजगी दवाखान्यात भरती केलं.

पाचव्या दिवशी दुपारी ती मागंच लागली. तिचं लेकरू गावी आईजवळ होतं.

"मला बरं वाटायलंय रं. लेकरू रडत आसंल. त्या कागदावर काय लिवलंय, बग की."

खाटेला अडकवलेला कागद मी हातात घेतला. डॉक्टरचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. तीन शब्दांतला एकच लागला, डिस्चार्जिंग. मी लगेच व्याकरण लावलं. शेवटी आयएनजी, म्हणजे चालू काळ. सुट्टी देत आहेत. डॉक्टर जेवायला गेले होते, तासाभरात येणार होते. थांबून विचारायला काय झालं होतं मला? पण मास्तर माणूस, शब्दाचा अर्थ दुसऱ्याला कसा विचारणार!

"आक्का, सुट्टी झाली तुजी," मी म्हणालो. आयाबाईलाही तेच सांगितलं. तिनं माझ्या पेनाकडं बघितलं आणि मान हलवली.

एसटीत आक्का लय खुशीत होती. तिसऱ्या दिवशी तिच्या अंगाची आग व्हायला लागली. मी एकटाच तिला घेऊन परत परभणीला पोचलो, तोवर तिची शुद्ध गेली होती.

"कुणाला विचारून नेलं हिला?" डॉक्टर ओरडले. "जखम अजून वाहतेय, असं स्पष्ट लिहून ठेवलं होतं मी!"

संध्याकाळी ती गेली.

पुढं मी मोठा शब्दकोश विकत घेतला. एकच क्रियापद. नदी पाणी बाहेर सोडते, बंदुकीतून गोळी सुटते, कैदी सुटतो, रोग्याला घरी सोडतात, जखमेतून पू वाहतो. सगळ्यांत समान एवढंच, की आतलं बाहेर जातं. वाक्याचा कर्ता आधी शोधा, असं मी पोरांना घसा फोडून सांगायचो. त्या कागदावर कर्ता जखम होती. मी बहीण धरली.

आईला मी हे कधीच सांगितलं नाही. तिची जीभ शेवटपर्यंत त्या डॉक्टरवरच चालली. "मुडद्यानं कच्चीच सुट्टी दिली माज्या लेकीला," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची आणि माझ्याकडं बोट करायची, "इचारा त्याला, त्यानं सोता वाचलंय."

लोक माझ्याकडं बघायचे. मी हो म्हणायचो.