धुवणीची पाकिटं

पिठ्याचा दिवस पहाटे पावणेचारला सुरू व्हायचा. गजर त्यानं कधी लावला नाही. उठायचा, चूळ भरायचा, बायकोसाठी पाणी उकळत ठेवायचा. पाकीट फोडून ओट शिजवायचा आणि ते खाऊन होईपर्यंत तिच्यापाशी बसायचा. मग पहिल्या पाळीला हजर.

पिठ्या हे नाव त्याला कारखान्यानं दिलं. आमच्याकडे न्याहारीचे ओट पाकिटात भरत. पिठ्या वरच्या मजल्यावर, मिसळणीच्या ड्रमपाशी. ओट, दूधपावडर, साखरेची पिठी, मीठ, वासाची पूड. पोतं उचलायचं, तोंडाची दोरी एका झटक्यात ओढायची, ओतायचं. मी खाली गोदामात, ट्रक भरायला. पोतं कसं उचलतो यावरून मी माणूस ओळखतो. बरेच जण कमरेनं उचलतात आणि चाळिशीत कंबर धरून बसतात. पिठ्या गुडघ्यात वाकायचा, पोतं मांडीवर घ्यायचा, मग उठायचा. ओतताना पोत्याचं तोंड ड्रमच्या काठाला टेकवायचा, म्हणजे धूळ कमी उडते. तरी उडायचीच. पाळी सुटताना भुवया, कान, मान, सगळं पांढरं.

"पिठात घोळून झालंय, आता फक्त तळायचा बाकी आहेस," आम्ही म्हणायचो.

"तेल तुमच्याकडून," तो म्हणायचा.

ती साखरेची पिठी वर्षानुवर्षं नाकातोंडात जायची. मिसळणीवर राबलेल्या प्रत्येकाची जीभ गोडाला बहिरी होते, नाकही. पिठ्याला चार चमचे साखर घातलेला चहासुद्धा फिका लागायचा. आम्ही हसायचो. तोही हसायचा.

पिठ्याच्या बायकोला, आमच्या वहिनींना, मधुमेह होता. डोळ्यांच्या आत रक्त उतरायला लागलं, दिवसेंदिवस दिसेनासं व्हायला लागलं. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशननं नजर वाचेल, पण आधी रक्तातली साखर खाली आणा. त्याशिवाय मी हात लावणार नाही. पिठ्यानं ऑपरेशनसाठी पगारातून पैसे बाजूला टाकायला घेतले. जादा पाळ्या केल्या. पैसे जमले. साखर तेवढी खाली यायची राहिली.

कंपनी कामगारांना न विकायची पाकिटं फुकट वाटायची. छपाई पूर्ण, सील पक्कं. गोदामात आमचा समज असा, की वजनात कमीजास्त असणार. पिठ्या त्यातली फक्त निळी निवडायचा. निळं म्हणजे साधं ओट. पाठीमागे बारीक अक्षरांत छापलेलं असायचं, शंभर ग्रॅममध्ये प्रथिनं बारा, तंतू दहा, साखर एक. लाल पाकिटावर, म्हणजे गोड ओटवर, तीच साखर पंचवीस. वहिनींना वाचता येईना झालं तेव्हा तो रोज पहाटे दिव्याखाली पाकीट धरून त्यांना वाचून दाखवायचा. त्यांना ते आवडायचं. म्हणायच्या, तुमच्या तोंडून तेवढंच काय ते हिशोबाचं ऐकायला मिळतं.

एका पहाटेचं बोलणं त्यानं मला पुढे इतक्यांदा सांगितलं की मला तोंडपाठ आहे.

"अहो, हे गोड लागतंय."

त्यानं चमचाभर खाऊन पाहिलं. "कुठं गोड? नुसतं पाणचट आहे."

"मला लागतंय ना पण."

"आत्ताच वाचलं ना मी? साखर एक. तुला गोड खावंसं वाटतंय, म्हणून भास होतोय."

"बरं. भास तर भास," वहिनी म्हणाल्या आणि वाटी संपवली. पुन्हा कधी बोलल्या नाहीत.

साखर खाली येईना. डॉक्टर दर खेपेला विचारायचे, "चोरून काही खाता का?" वहिनी नाही म्हणायच्या. पिठ्याला संशय यायला लागला. कामावरून आला की फडताळातले डबे उघडून बघायचा, त्यांच्या उशीखाली चाचपायचा. घरात साखरेचा दाणा ठेवला नाही. वहिनी भिंतीकडे तोंड करून बसून राहायच्या आणि त्याचं चाचपणं ऐकायच्या. आधी एक डोळा गेला, मग दुसरा. मग मूत्रपिंडांनी दगा दिला. ऑपरेशनची तारीख काही मिळाली नाही. त्या गेल्या.

त्यानंतर काही महिन्यांनी, पाळी सुटल्यावर, पॅकिंगची मावशी निळी पाकिटं पिशवीत भरत होती. नातवंडांसाठी नेते म्हणाली.

पिठ्या म्हणाला, "साधं ओट खातात होय पोरं?"

"साधं कुठलं मेलं! धुवणीचं आहे हे. गोड माल संपला तरी यंत्राच्या पोटात उरतोच की. आम्ही आधी पाकिटाचा रोल बदलतो, निळा लावतो, मग साधा माल सोडतात. त्यानं यंत्र आतून धुऊन निघतं. पहिली निळी पाकिटं सगळी गोड. म्हणून तर विकत नाहीत." मावशी हसली. "तुला ठाऊक नाही? वर साखर तूच तर ओततोस की रे!"

मी तिथंच होतो. पिठ्या बाकावर बसला. पोतं मांडीवर घेतल्यावर उठताच आलं नाही तर माणूस जसा दिसतो, तसा तो दिसत होता.

दुसऱ्या दिवशी तो सुपरवायझरकडे गेला.

"फुकटच्या पाकिटावरचं कोण वाचतं हो?" सुपरवायझर म्हणाले.

"आमच्या घरी वाचायचो."

सुपरवायझर नोटीस लावतो म्हणाले. लावलीही, पण पॅकिंगमध्ये, जिथं सगळ्यांना आधीपासून माहीत होतं.

पिठ्या डॉक्टरांकडेही गेला. डॉक्टर म्हणाले, आजार जुना होता, ओटनंच झालं असं सांगता येणार नाही, नाही झालं असंही सांगता येणार नाही. यातलं एक काहीतरी ठाम सांगितलं असतं तर मी झोपलो असतो, असं तो मला म्हणाला.

आम्ही दोघं एकाच वर्षी निवृत्त झालो. मी अधूनमधून त्याच्याकडे जायचो. एकदा त्यानं स्वयंपाकघराकडे बोट केलं.

"तिला आता दिसतं."

"कुणाला?"

"पहाटे येते. पाकीट हातात धरून वाचते, चष्मा नाही, काही नाही. प्रथिनं बारा. तंतू दहा. साखरेपाशी आली की थांबते. मी वाट बघत राहतो. पुढे वाचत नाही."

"स्वप्न पडत असेल तुला."

"स्वप्नात शेगडी पेटवतो का मी? पाणी उकळतं, झाकण वाजतं, तरी आवाज चालूच असतो. मधे बोललो तर पहिल्यापासून सुरू करते."

मी म्हणालो, आमच्याकडे राहायला चल. माझी बायकोही तेच म्हणत होती.

"आणि ती कुणाला वाचून दाखवणार?" त्यानं विचारलं.  तो खरंच उत्तराची वाट बघत होता.

त्यानंतर त्यानं ऑपरेशनचे पैसे बाहेर काढले. दुकानातून निळ्या पाकिटांचे खोके पुऱ्या दरानं विकत घ्यायला लागला. विक्रीची पाकिटं, धुवणीची नव्हेत. पाळी सुटताना खोका घेऊन कारखान्याच्या फाटकापाशी उभा राहायचा.

"घरी मधुमेहाचं कुणी आहे? ते फुकटचं मला दे, हे घेऊन जा."

पोरं टर उडवायची. "पिठ्याकाका, तेच पाकीट देऊन तेच घेता? डोकं फिरलं का?" तो तेवढंच पुन्हा विचारायचा. हळूहळू लोक थांबायला लागले. काहींच्या घरी कुणीही आजारी नव्हतं, तरी बदलून न्यायचे. त्यानं कुणाची उलटतपासणी केली नाही. जमा झालेली पाकिटं घरी आणून फोडायचा आणि मोरीत ओतायचा. घरात शिरलं की गोड वास नाकात भरायचा. त्याला तो येत नव्हता.

एकदा नवीन हमाल लागला होता. आईसाठी म्हणून त्यानं पाकीट बदलून घेतलं आणि खिशात हात घातला.

"काका, दुकानातलं आहे हे. पैसे?"

"दिलेत," पिठ्या म्हणाला, आणि मागच्या माणसाकडे वळला.