भाऊजी आणि समुद्राचा तळ

समुद्र उभ्या जन्मात न पाहता त्याच्यावर एवढा जीव टाकणारा माणूस बुलढाणा जिल्ह्यात दुसरा झाला नाही. झालाच असेल तर त्याच्या बायकोला माझा दंडवत. हे माझ्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्काचे यजमान. आमचे भाऊजी. जळगाव जामोदच्या शाळेत भूगोल शिकवायचे, राहायचे जवळच्याच खेड्यात सातपुड्याच्या पायथ्याला, आणि मनानं कायम समुद्राच्या तळाशी. लाटा, गलबतं, मासे यांचं त्यांना काही नव्हतं. त्यांचं प्रेम चिखलावर. समुद्रातल्या उतारावर साचलेला गाळ एखादे दिवशी घसरतो, पाण्यात मिसळून जड होतो आणि वरच्या पाण्याला पत्ता लागू न देता तळातळानं कोसच्या कोस धावतो, जाता जाता दऱ्या कोरतो, हे ते अशा थाटात सांगत की जणू काल बाजाराला जाताना पाहून आलेत. लग्नाच्या पंगतीत कढीच्या वाटीत काठावरून घट्ट वरण सोडायचे आणि शेजारच्या अनोळखी पाहुण्याला म्हणायचे, "पाहा, मिसळलं नाही. खालून चाललं. दिसून राह्यलं नं?" पाहुणा बिचारा "हाव" म्हणायचा आणि पुढच्या लग्नात लांब बसायचा.

एकदा त्यांनी मिठाईच्या दुकानातलं मोडीत निघालेलं काचेचं कपाट आणलं, आडवं पाडून फटी डांबरानं बुजवल्या, एका टोकाखाली विटा घातल्या आणि नितळ पाणी भरलं. उंच टोकाकडून काळ्या मातीचा रबडा हळूच सोडला. तो बुडाला आणि तळाला चिकटून, नागानं फणा धरावा तसं तोंड उचलून पार दुसऱ्या टोकापर्यंत गेला. वरचं पाणी तसंच स्वच्छ! सगळं गाव पाहायला लोटलं. "मास्तर, आणखी एक डाव," म्हणत लोक ओटा सोडीनात, आणि आत अक्का चहा करून करून मेटाकुटीला आली. तात्पर्य मात्र कोणी विचारलं नाही.

ते विचारायची पाळी आली तलावामुळे. गावानं श्रमदान करून नाल्यावर बांध घातला होता. पहिल्याच उन्हाळ्यात पाणी उतरलं तेव्हा लोकांना चिखल दिसला, भाऊजींना समुद्र दिसला. नाल्याच्या तोंडाशी गोटे, मधे रेती, आणि लोण्यासारखा गाळ थेट बांधाला लागलेला. मधून एक चर कोरलेली, तिचे दोन्ही काठ उंचावलेले. धोतर खोचून ते त्या चरीतून हिंडले, मला हिंडवलं, आणि बांधाशी येऊन थांबले. म्हणाले, "असंच चाललं तं दहा वर्षांत इथं ज्वारी पेरा लागीन." उपाय त्यांच्याकडे होता: पहिल्या पुराला बांधाची तळातली झडप उघडी ठेवायची. गढूळ पाणी खालून येतं, त्याला खालूनच जाऊ द्यायचं.

पण गावाची रीत अशी की पहिल्या पाण्याची ओटी भरायची आणि एक थेंब बाहेर जाऊ द्यायचा नाही. पूर आला त्या सकाळी बायका ताटं घेऊन बांधावर उभ्या, आणि भाऊजी झडपेच्या चाकाशी. सरपंच तडकले. "मास्तर, दारात आलेल्या लक्ष्मीले कोणी मोरीतून काहाडते काय?"

"लक्ष्मीले नाही, तिच्या पायाच्या चिखलाले. पाव्हण्याचे पाय धुतलेलं पाणी आपण रांजणात भरतो काय?" लोक हसले, पण चाक अडवून धरलेला हात कोणी काढेना. तेव्हा भाऊजी बोलून गेले, "पाणी कमी पडलं तं माही विहीर गावाची."

अक्काचा सगळा भाजीचा मळा त्या विहिरीवर होता, आणि ही बातमी तिला ओटीचं ताट हातात असताना कळली. तिनं ताट बांधावर ठेवलं. मग म्हणाली, "उघडा. पण पाणी नाही आलं तं पह्यले ते कपाट फोडीन."

झडप उघडली आणि बाहेर आलं ते काचेसारखं स्वच्छ पाणी. सरपंचांनी कपाळाला हात लावला. कुजबुज वाढली, भाऊजींचा चेहरा उतरला, मलाही वाटलं, गेली विहीर. आणि मग मोरीतून काळाकुट्ट, दाट लोंढा फुटला. वर तलावात अजून आभाळ दिसत होतं! भाऊजी लहान पोरासारखे टाळ्या वाजवत होते.

त्यानंतर पावसानं मोठी ओढ दिली, आणि त्या दिवसांत अक्काच्या घरी जेवायला बसणं धाडसाचं होतं. शेवटी पोळ्याच्या सुमाराला तो आला, तलाव काठोकाठ नाही पण पुरेसा भरला, आणि विहीर अक्काचीच राहिली.

भाऊजी जाऊनही आता बरीच वर्षं झाली. आजूबाजूचे तलाव गाळानं भरले. आमचा अजून पाणी धरतो. मागं पहिल्या पुराला मी तिथं होतो. बायकांनी आधी हळदकुंकू वाहिलं, झडप उघडली, काळं पाणी सरल्यावर बंद केली आणि मग ओटी भरली. हे काय, म्हणून विचारलं तर एक तरणा गडी म्हणाला, "पायधुणी हाय. आमच्या पणज्यापासून चालत आली." मला रागच आला. मी भाऊजींचं नाव सांगायला तोंड उघडलं, तर म्हाताऱ्या अक्कानं माझा हात दाबला.

"राहू दे," ती हळूच म्हणाली. "देवाचं म्हणून करतेत, म्हणून चुकत नाहीत. मास्तरचं म्हटलं असतं तं दोन सालांत सोडलं असतं."

ते खरंच होतं. तरी परतताना मला भाऊजींची फार आठवण आली.