मखमलीचं रेडकू

शिवणआक्का रोज दिवेलागणीला मशीन रिकामंच चालवायची. सुईत दोरा नाही, खाली कापड नाही. नुसते पाय पायट्यावर आणि नजर दाराबाहेर. राहू गावच्या शाळेत मी नवी मास्तरीण होऊन आले, तेव्हा गावात खोली देण्याआधी लोक आडनाव विचारत आणि ते ऐकून खोली नसल्याचं सांगत. शेवटी आपल्याच बौद्ध वस्तीत, आक्काच्या घराची पडवी मला मिळाली. पहिल्या संध्याकाळी ती रिकामी घरघर ऐकून मला वाटलं, बाईचं काहीतरी बिनसलंय. चार दिवसांनी धीर करून विचारलं.

"मशीन चालू आसलं की घरात कुनीतरी हाय, आसं वाटतं," ती म्हणाली. मीही त्या गावात एकटीच होते, त्यामुळे पुढे काही विचारवलं नाही.

तिच्याकडे टेप होती, पण ती खुंटीलाच लटकलेली असे. माणूस दारातून आत येईपर्यंत तिचं माप घेऊन झालेलं असायचं. दिवाळीनंतर माझं पोलकं तिनं न सांगताच दोन बोटं आत घेतलं आणि वर मला सुनावलं, की आईची आठवण काढून काढून वाळलात. मला राग आला, कारण ते खरं होतं. पहिलीतल्या पोरांचे सदरे मात्र ती शिवायला घेत नसे. नवरा गेलेला, आणि एकुलता मुलगा दोन वर्षांचा होऊन तापानं गेला होता. तो असता तर त्या वर्षी पहिलीत बसला असता. हे तिनं मला काजं करता करता, मान वर न करता सांगितलं.

एकदा गावातले तात्या आमच्या दारी आले. बड्या घरचा माणूस, पण उंबऱ्याबाहेर अवघडून उभा. त्यांच्या म्हशीचं रेडकू तिसऱ्या दिवशी मेलं होतं आणि म्हैस पान्हा सोडत नव्हती. पूर्वी अशा वेळी आक्काचा सासरा मेलेल्या रेडकाचं कातडं सोलून, त्यात पेंढा भरून म्हशीपुढे उभं करून द्यायचा. पण वस्तीनं बुद्धाची दीक्षा घेतली त्या दिवसापासून ते काम सुटलं होतं. हे तात्यांनाही माहीत होतं. म्हणून ते नुसतेच टोपी काढत होते, घालत होते.

"कातड्याला आमी हात लावत न्हाई, तात्या," आक्का म्हणाली. "पर शिवनकाम करते मी. कापडाचं रेडकू शिवून देते."

तात्या आधी हसले. मग, आजवर तिला 'अगं' म्हणणारे ते गृहस्थ म्हणाले, "बघा तुम्ही. जमलं तर लई बरं व्हईल."

कापड आणायची कामगिरी माझ्यावर आली. दौंडच्या दुकानात मी काळ्या केसाळ मखमलीचे तागे एकेक करून कुरवाळत होते. कोट शिवायचा का, असं दुकानदारानं विचारलं. मी रेडकू म्हटल्यावर त्यानं मुकाट्यानं कापड फाडून दिलं आणि मी जाईपर्यंत माझ्याकडे पाहिलं नाही.

आक्कानं ते मेलेलं रेडकू एकदाच पाहिलं होतं, पण शिवलेलं हुबेहूब त्याच्याएवढं. म्हशीनं मात्र ते हुंगलं आणि शिंगानं उडवून दिलं. बघायला जमलेली माणसं पोट धरून हसली. आक्का हसली नाही. तिनं शिवण उसवली, आतल्या चिंध्या काढल्या, रेडकू जिथं तीन दिवस निजलं होतं तिथला पेंढा मागून घेतला आणि तो भरला. वरून पाठीला मीठ चोळलं. म्हशीनं पुन्हा हुंगलं, बराच वेळ हुंगलं, आणि चाटायला लागली. तात्यांच्या चरवीत धार वाजली.

परत येताना मी म्हटलं, "आक्का, म्हशीला कळत नसेल का हो?"

"न कळाय काय झालं, बाई? समदं कळतंय तिला. पर चाटायला कुनीतरी लागतंच की."

पुढे म्हैस आटली आणि तात्यांनी रेडकू परत पाठवलं. आक्कानं ते धुतलं, वाळवलं आणि मशीनच्या पायाशी उभं केलं. त्या दिवसापासून संध्याकाळचं रिकामं मशीन बंद झालं. दिवा लावून ती त्याच्या पाठीवर हात ठेवून बसायची. मला ते पाहून बरं वाटायचं, आणि तरी मी पडवीत पाठ फिरवून वह्या तपासत बसायचे.

मग माझी शिरूरला बदली झाली आणि लग्नही तिथंच झालं. मुलगी झाल्याचं पत्र टाकलं, तर एका दुपारी आक्का दोन येष्ट्या बदलून दारात हजर. पिशवीतून तिनं एक इवलंसं काळं रेडकू काढलं. मी हात फिरवला आणि ओळखलं. कापड तेच होतं. चाटून चाटून केस बसलेला भाग तिनं पोटाखाली घेतला होता.

"मोठं मोडलंत?"

"एवढ्याशा जिवाला तेवढं थोरलं कशाला? तिच्या मापाचं केलं."

मुलीनं त्याचा कान तोंडात घातला. आक्का हसली, आणि हसता हसता तिनं पदर डोळ्यांना लावला.

चहा झाला. शेवटची गाडी पाचाला आहे, असं ती म्हणाली. पिशवीची गाठ मारली आणि बसून राहिली. थोड्या वेळानं पुन्हा तेच म्हणाली. आमच्या दोन खोल्यांत सासूबाई, दीर, आम्ही तिघं. अंथरूण कुठं टाकायचं, याचा मी हिशेब करत होते. मी म्हटलं, "पुन्हा या हं, आक्का."

"येते की," म्हणाली आणि निघाली.

ती पुन्हा आली नाही. दोन वर्षांनी राहूच्या एका मास्तरांकडून ती गेल्याचं कळलं.

लोकांची मापं बिनटेपीची घेणारी ती बाई त्या दिवशी माझ्या दारात माझं माप घेऊन गेली, असं मला वाटत राहतं. घरी पोचली तेव्हा दिवेलागण झाली असेल. मशीनच्या पायाशी कुणी नव्हतं. तिनं सुईतला दोरा काढला असेल आणि पायट्यावर पाय ठेवले असतील. 'आज राहा, आक्का,' एवढंच म्हणायचं होतं. मी ते म्हटलं नाही.