थांबायचं कधी, हे सांगायचं कुणी?

लोणावळ्याच्या बाजारात मी पायथॉन या कॉम्प्युटरच्या भाषेचा क्लास चालवतो. किस्से जमवावे लागत नाहीत. एक सांगून होतोय तोवर दुसरा जिना चढून येतो. मूळ एकच. प्रोग्रॅमला कामाला सगळे लावतात, थांबायचं कधी ते कुणी सांगत नाही!

सुदुंबऱ्याचे गणपतभाऊ, कंपनीतून रिटायर. पाच वेळा 'नमस्कार' छापायचा होता. फेऱ्या मोजणारा काउंटर एकावर ठेवला आणि वाढवलाच नाही. भाऊ डबा खाऊन आले तरी नमस्कार चालूच!

"भाऊ, दर फेरीला काउंटर एकनं वाढवा, तरच पाच झाल्यावर थांबेल!"

"मी पाचच म्हणलोतो. एवढं बी आपुनच सांगायचं, तर मशीन कशापायी घ्यायचं?"

*

पुढं त्यांनी प्रिंटर धरला. लूपमध्ये, म्हणजे त्याच त्या फेऱ्यांत, थांबवणारा 'ब्रेक' टाकायला विसरले. कागदांचा ढीग! मी ओरडलो, "बंद करा!" भाऊंनी ऐटीत मॉनिटरचं बटण दाबलं. "झालं बंद!" मागं प्रिंटर खडखडतोच आहे.

'लूप अडकला तर कंट्रोल-सी दाबा' असं मी भिंतीवर लाल अक्षरांत लिहून ठेवलंय. त्यावरच भाऊ टोपी अडकवतात!

*

सलमाताईंचं खाली बांगड्यांचं दुकान. दुपारी क्लासला येताना सगळ्यांसाठी थर्मास भरून चहा आणतात. त्यांनी प्रोग्रॅम केला: पासवर्ड चुकला की भोंगा, बरोबर आला की बंद. पण पासवर्ड विचारला लूपच्या बाहेर, एकदाच! भोंगा थांबेना.

"सर, बरोबर पासवर्ड टाकायला जागाच देत नाही हा!"

"जागा तुम्हीच ठेवली नाहीत! विचारणं लूपच्या आत घ्या!"

मी शून्य मार्क दिले. वर सुनावलं, "न संपणारा लूप म्हणजे काय, हे तुम्हाला या जन्मात कळायचं नाही!"

तोवर दुपारची झोप मोडलेले घरमालक बबनआबा जिन्यात. "उद्या येतो. जागेचंच बोलाय येतो!"

अकरा वर्षांचा क्लास. आता जागा खाली करायला सांगणार!

*

आबा तिकोणा पेठेचे, एका नेमाचे. चहाचा कप रिकामा होईस्तोवर वाईट बोलायचं नाही. कप रिकामा झाला, की तोंड सुटलं!

दुसऱ्या दिवशी आले. सलमाताईंनी कप दिला. आबा भातावर बोलले, नातवंडांवर बोलले. कप अर्ध्यावर आला, ताईंनी थर्मास वाकवला.

"बास गं!"

"थोडाच, आबा!"

हायवेच्या ट्रॅफिकवर बोलले. कप अर्ध्यावर. थर्मास वाकला. गुडघ्यांवर बोलले. थर्मास वाकला.

शेवटी भरला कप टेबलावर ठेवून आबा पोट धरून उठले. "लय झाला! जागेचं उद्या बोलू."

मी वहीतलं सलमाताईंचं शून्य खोडलं. त्या थर्मासचं झाकण लावत म्हणाल्या,

"सर, उद्या दूध एक लिटर आणू, की दोन?"